टॉम जेम्सच्या पाठीचा रंग

११ नोव्हेंबर

स्वस्ति श्री. सागर-त्रय-वेष्टित, बहामा-राष्ट्रांतर्गत-अ‍ॅबॅको-द्वीपस्थ मार्ल-हार्बर-वसाहतीचे भूषण, नौका-नाम-लेखन-धुरंधर, पुठ्ठा-कर्तन-चक्रवर्ती, खळ-कुंभाधिपती, कागदी-मुकुट-शिल्प-शिरोमणी, घंटा-निनाद-सहिष्णू, मार्ल हार्बर जंकानू पथकाचे सर्वानुमते (एक मत विरुद्ध; ते मेहुण्याचे) निर्वाचित प्रमुख, श्रीमान थॅडियस ऑर्लँडो फर्ग्युसन, मूळ वास्तव्य राजधानी नासाऊ, यांनी आज रोजी, दुपारची उकडलेली मासळी यथास्थित पचल्यानंतर, प्रस्तुत दैनंदिनीस प्रारंभ केला. भावी इतिहासकारांनी याबद्दल माझे ऋण मानावे. वर्तमानकालीन मंडळी मानणार नाहीत, हे मी जाणतो.

प्रसंग असा. काही वर्षांपूर्वीच्या मोठ्या वादळात आमच्या पथकाची शेड गेली, ढोल गेले, आणि नाचणारे निम्मे लोक दुसऱ्या बेटांवर पांगले. तेव्हापासून जंकानूत, म्हणजे नववर्षदिनाच्या पोशाख-ढोल-घंटांच्या मिरवणुकीत, मार्ल हार्बरची घंटा वाजलेली नाही. आता मिरवणूक समितीने निर्वाणीचे सांगून टाकले आहे: या एक जानेवारीला रस्त्यावर उतरा, अन्यथा फलकावरून तुमचे नाव कायमचे पुसले जाईल. तो फलक मीच रंगवलेला आहे. स्वतःच्या हाताने काढलेले अक्षर स्वतःच पुसण्याची पाळी माझ्यासारख्या कलावंतावर यावी, ही कल्पनाच असह्य आहे.

पथकाच्या संस्थापिका मिस एनिड यांनी चर्चच्या आवारात काठी आपटून ठराव मांडला. त्या म्हणाल्या, "मी जिवंत असताना आपलं नाव पुसलं जायचं नाही. मेल्यावर काय वाट्टेल ते करा, मला कळणार नाही."

विषयही त्यांनीच ठरवला: टॉम जेम्स. डोक्यावर काळे-पांढरे पट्टे आणि छाती केशरी असलेला आमचा गाणारा पक्षी. "वादळानंतर झाडांना एक पान नव्हतं. तेव्हा माझ्या अंगणात पहिला तो आला," असे म्हणून त्यांनी चष्मा पुसला. मीही पुसला. माझ्या चष्म्यावर रंग उडाला होता.

१९ नोव्हेंबर

कार्यविभागणी झाली. घंटा मेहुणे रूबेन कॉर्निश यांच्याकडे. पोशाखांसाठी क्रेप कागदाच्या झिरमिळ्या कापून चिकटवणाऱ्यांवर मिस एनिड. मुख्य पोशाख, म्हणजे माझ्या खांद्यांवर आरूढ होणारा, दोन पुरुष उंचीचा, पंख पसरलेला टॉम जेम्स, अर्थातच माझ्याकडे.

नासाऊच्या थोर पथकांत मुख्य पोशाख पडद्याआड घडतो. प्रमुखाखेरीज कोणाची दृष्टी त्यावर पडत नाही. नाताळानंतर तो सर्वांसमोर अनावृत होतो आणि मंडळी धन्य होतात. ही उदात्त प्रथा मी येथे प्रस्थापित केली. होड्यांच्या शेडमध्ये जुन्या शिडाचा पडदा टांगला.

"दाजी, चोरून बघायला येणार कोण?" रूबेन म्हणाला. "बोकडं?"

"शत्रू सर्वत्र असतात," मी म्हणालो.

"आपल्याला शत्रू असते तर बरं झालं असतं. निदान ढोल वाजवायला माणसं मिळाली असती."

वीस-बावीस वर्षे मी येथे जावई म्हणून नांदतो आहे. तरी ही मंडळी मला अद्याप 'नासाऊवाला' म्हणतात. मी त्याचा अर्थ आदर असा घेतो.

२४ नोव्हेंबर

मस्तक सिद्ध. छाती सिद्ध. पाठीविषयी माझ्या मनात तिळमात्र संदेह नाही. नासाऊतील आमच्या अंगणात गामालामीच्या झाडावर बसणारा टॉम जेम्स मी बालपणी नित्य पाहिला आहे. त्याची पाठ शुद्ध, गंभीर, राजस कृष्णवर्णाची. पाद्र्याच्या नव्या झग्यासारखी.

सहधर्मचारिणी व्हर्निटा न्याहरीच्या वेळी म्हणाली, "थॅड, आपल्या मागच्या झाडावर टॉम जेम्स येतो रोज सकाळी. एकदा बघ तरी."

मी तिला समजावले की, ज्या चित्रकाराच्या अंतःकरणात सूर्य आहे, तो रोज पहाटे उठून सूर्य तपासायला जात नाही.

"बरं," ती म्हणाली.

व्हर्निटाचे 'बरं' हे एक स्वतंत्र वाङ्मय आहे. त्याचा अभ्यास मी निवृत्तीनंतर करणार आहे.

३ डिसेंबर

टपालबोटीने नासाऊहून काळ्या क्रेप कागदाची खोकी आली. धक्क्यावर व्हर्निटा होती.

"एवढा काळा? कोण गेलं?"

तपशील गोपनीय असल्याचे मी निक्षून सांगितले. तिने खोकी मोजली. नंतर घरी न येता तडक मिस एनिडकडे गेली. स्त्रियांना गप्पांचे भारी वेड.

नोंद करण्याजोगी अन्य बाब: आज मी राजीनामा दिला. बैठकीत रूबेनने माझ्या भाषणाच्या मध्येच घंटा वाजवली. सायंकाळी मागे घेतला. गेल्या महिन्यातही एकदा दिला होता. मतभेद झाला की मी राजीनामा देतो, हे आता सर्वांस ठाऊक आहे, आणि माझ्याखेरीज तो पक्षी पेलणारे खांदे वसाहतीत नाहीत, हेही. त्यामुळे माझ्याशी कोणी सहसा मतभेद ठेवत नाही. नेतृत्व म्हणतात ते यालाच.

८ डिसेंबर

स्वयंपाकघरात पाऊल ठेवायला जागा नाही. मेज, खुर्च्या, शीतकपाट, सर्वत्र हिरव्या झिरमिळ्या. व्हर्निटा आणि मिस एनिड समोरासमोर बसून कात्र्या चालवीत होत्या. मला पाहताच दोघींनी विषय बदलला.

"हे काय?" मी विचारले.

"चर्चच्या कमानीला," व्हर्निटा म्हणाली.

"आणि हिरव्यात हा पिवळा कशाला मिसळता?"

"नुसता हिरवा बाटलीसारखा दिसतो," मिस एनिड म्हणाल्या. "तू तुझं काळं बघ, बाळा."

मी चकित झालो. काळ्याची वार्ता या वृद्धेस कोठून लागली असावी? शेडमध्ये फितुरी आहे. पडद्यास आणखी दोन खिळे ठोकले.

जाता जाता पाहिले: व्हर्निटाने एक झिरमिळी खिडकीशी धरली, मागच्या झाडाकडे पाहिले, मान हलवली, आणि तिच्यात आणखी एक पिवळी पट्टी घातली. चर्चच्या कमानीसाठी इतके कष्ट. श्रद्धा ही मोठी गोष्ट आहे.

१८ डिसेंबर

कृष्णकार्य संपन्न. शेपटीपासून मानेपर्यंत ओळीवर ओळ. पक्ष्याची पाठ अप्रतिम. माझी दुखते.

२५ डिसेंबर

नाताळ. हॅम, वाटाण्याचा भात, पेरूचा गोड रोल. पोटाने विनंती केली तरी मी थांबलो नाही.

चर्चची कमान लाल आणि पांढरी होती. हिरवा कागद नावालाही नव्हता. पाद्रींनी आयत्या वेळी बेत बदललेला दिसतो. व्हर्निटाचे एवढे श्रम व्यर्थ गेले, म्हणून मी तिचे मनापासून सांत्वन केले. ती हसली, आणि हसतच राहिली. धैर्यवान स्त्री.

२८ डिसेंबर

आज दुपारी अनावरण. इतिहासकारांनी ही नोंद वाचताना उभे राहावे किंवा बसावे. मला आता काही फरक पडत नाही.

पडदा बाजूला सारला. पट्टेदार मस्तक, पिवळा कंठ, केशरी छाती, पंखांवरचे पांढरे. मंडळींच्या मुखातून एकच निःश्वास निघाला. कोणी टाळ्या पिटल्या, कोणी शिट्टी फुंकली. मी प्रसन्नपणे पोशाख चाकांच्या गाड्यावर फिरवला आणि पाठ दाखवली.

टाळ्या थांबल्या.

रूबेन पुढे आला, घंटा खाली ठेवून. "दाजी, हा कोण?"

"टॉम जेम्स."

"कुणाचा?"

"कुणाचा म्हणजे? टॉम जेम्स हा टॉम जेम्स असतो."

"हा नासाऊचा आहे. आपल्याकडच्याची पाठ हिरवी असते. सगळ्या गावाला माहीत आहे."

"मग गावाने बोलायचे होते."

"पडद्याला खिळे कुणी मारले होते?"

मी म्हणालो, की प्रेक्षक समोरून पाहतात. पाठ ही गौण आहे. यावर रूबेन जे बोलला ते मी येथे जसेच्या तसे लिहितो.

"दाजी, समोरून बघणारे घटकाभर बघतात. मागून आम्ही चालतो. सगळा रस्ता ही पाठ आमच्या डोळ्यांसमोर राहणार. इतक्या वर्षांनी मार्ल हार्बर बाहेर पडतंय, आणि आम्ही नासाऊची पाठ बघत नाचायचं? मी नाही वाजवणार."

त्याच्या मागे दोन ढोलवाल्यांनी पट्टे खांद्यावरून उतरवले. मग आणखी एकाने. ज्याने प्रथम टाळी वाजवली होती, त्यानेही.

मिस एनिड खोक्यावर बसल्या होत्या. त्यांनी पक्ष्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. "वादळानंतर माझ्या अंगणात आला होता तो हा नव्हे," एवढेच म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. राग असता तर मी काहीतरी केले असते.

मी राजीनामा दिला. कोणी स्वीकारला नाही. कोणी नाकारलाही नाही, हे अधिक लागले.

२९ डिसेंबर

सकाळी नासाऊस ज्येष्ठ भगिनी ल्युसिंडा हिला दूरध्वनी केला आणि अंगणात जाऊन पाहण्याची आज्ञा केली.

"काळी," ती म्हणाली. "समोर पपईवर बसलाय मेला, अर्धी खाल्ली त्यानं. का रे? बरा आहेस ना?"

विजय. मी ताईस तसेच फोनवर ठेवून रूबेनच्या घरी चालून गेलो आणि ध्वनिवर्धक चालू केला. रूबेनने शांतपणे आपला फोन काढला आणि ग्रँड बहामातील चुलतभावास लावला.

"हिरवी," चुलतभाऊ म्हणाला.

"काळी," ताई म्हणाली.

"बाई, मी त्याच्याकडेच बघतोय."

"मीही बघतेय. तुम्ही चष्मा लावता का?"

दोन्ही फोन मेजावर समोरासमोर ठेवून आम्ही बाहेर आलो. आत ते दोघे अजून भांडत असावेत.

अंगणात व्हर्निटा उभी होती. तिने माझे कोपर धरले, आमच्या घराच्या मागच्या दारी नेले, झाडापासून बेताच्या अंतरावर खुर्ची मांडली. ते झाड पॉइझनवुडचे. मनुष्याने स्पर्श केला तर अंगावर फोड येतात, पक्षी मात्र त्याची फळे मिटक्या मारीत खातात.

"बस," ती म्हणाली. "आणि बोलू नकोस."

आमच्या वैवाहिक जीवनातील ही सर्वात कठीण अट होती. मी पाळली.

प्रथम एक करडी मादी आली. मी व्हर्निटाकडे अर्थपूर्ण पाहिले. तिने बोट ओठांवर ठेवले. मग तो आला. तेच पट्टे, तोच पिवळा कंठ, तीच केशरी छाती. एक फळ तोडले, बारीक तारेसारखा सूर काढला, आणि वळला.

पाठ हिरवी होती. बाटलीसारखी नव्हे. किंचित पिवळसर, उन्हातल्या पानासारखी.

"अजून पिकला नसेल," मी कुजबुजलो. "लहान आहे."

"थॅड, त्यानं इथंच तीन पिल्लं वाढवली उन्हाळ्यात."

पक्षी आमच्याकडे पाठ करून पुष्कळ वेळ खात बसला. जणू मला खात्री करून घेण्यास सवड देत होता. वीस-बावीस वर्षे तो या झाडावर येत असेल, आणि मी त्याच्या खालून नासाऊच्या आठवणी काढीत गेलो असेन.

व्हर्निटाने हातात दिलेल्या पक्षीपुस्तकाशी ताडून काढलेला शास्त्रीय निष्कर्ष पुढीलप्रमाणे. जात एक, पाठी दोन. नासाऊ, अँड्रॉस, एल्युथेरा, कॅट आयलंड येथील नर काळ्या पाठीचे. ग्रँड बहामा आणि आमच्याकडे हिरव्या पाठीचे. ताईही खरी, चुलतभाऊही खरा. मध्ये केवळ समुद्र आहे. (वरील ओळीत 'आमच्याकडे' असे लिहिले गेले. राहू द्यावे.)

परंतु ज्ञान झाले तरी कागद कोठून आणावा? दुकानात लाल शिल्लक, टपालबोट सुटीनंतर. मी खुर्चीत बसूनच हे सर्व मोठ्याने बोललो. व्हर्निटा आत गेली आणि पलंगाखालून खोकी ओढू लागली. एक, दुसरे, तिसरे. सर्वांत हिरव्या झिरमिळ्या, कापलेल्या, विंचरलेल्या, मापात गुंडाळलेल्या.

"चर्चच्या उरल्या होत्या," ती म्हणाली.

केवढा हा योगायोग. पाद्रींनी आयत्या वेळी बेत बदलला नसता, तर आज मार्ल हार्बरचे नाव पुसले गेले असते. मी तत्काळ त्यांचे आभार मानण्यास निघालो. व्हर्निटाने मला थांबवले. म्हणाली, पाद्रींना आभार आवडत नाहीत.

३० डिसेंबर

मी शेडमध्ये जाऊन एक संक्षिप्त भाषण केले. त्यात 'पुनर्विचार' हा शब्द होता. रूबेनने ते पूर्ण होऊ दिले, म्हणजे प्रकरण किती गंभीर होते ते कळावे. नंतर मी खिळे उपटून शिडाचा पडदा खाली घेतला, आणि सारे गाव आत आले. खळीचे पातेले चुलीवरून उतरले. शेपटीपासून आरंभ, ओळीवर ओळ, खालून वर.

मी काळा थर खरवडण्यास घेतला होता. मिस एनिडनी काठीने माझा हात अडवला.

"तो काढू नकोस. त्याच्यावरच हिरवा लाव."

"मिस एनिड, फटींतून काळा दिसेल."

"दिसू दे. पोरगा तिकडून आलाय, हे काय लपवायचंय?"

पक्ष्यास 'पोरगा' म्हणण्याची त्यांची रीत मला हृद्य वाटली. व्हर्निटाला का कोण जाणे, एकदम नाक शिंकरावे लागले.

खालच्या काळ्यामुळे हिरव्यास जी खोली आली, ती माझ्या मूळ आराखड्यात नव्हती. यापुढे होती असे सांगेन. सायंकाळपूर्वी व्हर्निटाने खांद्यांचे पट्टेसुद्धा उरलेल्या हिरव्या झिरमिळ्यांनी मढवले. रूबेनने पोशाखामागे उभे राहून घंटांचा एक ठेका धरला. ढोलवाल्यांनी पट्टे पुन्हा खांद्यावर चढवले. राजीनामा मागे घेतला. कोणाच्या लक्षात आले नाही.

१ जानेवारी

आज अक्षर वाकडे येते आहे. अतिश्रमाने, भावना वगैरे काही नाही.

सकाळी रस्त्याच्या कडेला शेकोटीवर ढोलांची कातडी तापवून ताणली. मी पोशाखात शिरलो. पंख उभारले गेले. शिट्टी झाली, आणि माझ्या मागे रूबेनच्या घंटा अशा कोसळल्या की, माझे पाय मला न विचारता निघाले.

मुख्य शहराचा रस्ता दुतर्फा भरलेला होता. समोरून पक्षी पाहून लोक ओरडत होते, हे अपेक्षितच. परंतु मी पुढे गेल्यावर, पाठ दिसल्यावर, जी आरोळी उठे ती निराळीच होती. "आपला! आपला आहे!" एक म्हातारा दुकानाच्या पायरीवरून उतरून चक्क माझ्या मागून चालू लागला. मग एक बाई, कडेवर मूल घेऊन. शेवटच्या वळणावर आमचे पथक निघताना होते त्याच्या दुप्पट झाले होते. वादळानंतर दुसऱ्या बेटांवर गेलेले आमचेच काही लोक सुटीला आले होते. तेही घरच्या घंटा काढून सामील झाले.

परीक्षकांच्या मंडपापुढे मी गिरकी घेतली. परीक्षकांत नासाऊहून आलेले एक गृहस्थ होते, निळा कोट, गवती टोपी. त्यांनी हात वर केला. घंटा थांबल्या.

"कलाकृती उत्तम आहे," ते म्हणाले. "पण टॉम जेम्सची पाठ काळी असते. विषयाशी प्रामाणिकपणाचे गुण कापावे लागतील."

 मागे रूबेनचा श्वास मला ऐकू येत होता. मी पक्ष्याच्या कंठातील खिडकीतून मुख बाहेर काढले.

"महोदय," मी म्हणालो, "आपण आपल्या अंगणातला पक्षी सांगता. मी त्याच शहरात, तसल्याच अंगणात वाढलो. तिथली पाठ काळी, कबूल. इथली हिरवी असते. विश्वास नसेल तर उद्या सकाळी आमच्या मागच्या झाडाखाली आपल्याला खुर्ची मांडून देतो. अट एकच. बोलायचं नाही."

गर्दी एवढी हसली की ढोल आपोआप सुरू झाले. त्या गृहस्थांनी शेजारच्या अ‍ॅबॅकोच्या परीक्षकबाईंकडे पाहिले. बाईंनी मान डोलावली आणि म्हणाल्या, "साहेब, पूर्ण गुण लिहा गुपचूप." गृहस्थांनी टोपी काढून मला अभिवादन केले.

मागून कोणीतरी विचारले, "आत कोण आहे रे?"

"आमचे दाजी," रूबेन म्हणाला.

"ते नासाऊवाले?"

"कोण नासाऊवाले? इथलेच आहेत."

तो थकला असावा. थकल्यावर माणूस काहीही बोलतो.

शेवटच्या टप्प्यात मिस एनिड गाडीतून उतरल्या आणि काठी टेकत पक्ष्याच्या अगदी मागून चालल्या. मी मान वळवू शकत नव्हतो. त्यांचा आवाज मात्र आला: "सरळ चाल, बाळा. मागून फार छान दिसतोस."

निकाल: मुख्य पोशाख, प्रथम. संगीत, द्वितीय. एकूण, द्वितीय. प्रथम आलेल्यांकडे तिप्पट माणसे होती, आणि एकही पक्षी नव्हता. फलकावर मार्ल हार्बर कायम. अक्षरे फिकी झाली आहेत, म्हणून समितीने ती पुन्हा रंगवण्यास मला सांगितले. मी जाड लिहिणार आहे.

२ जानेवारी

घामाने क्रेप कागदाचा रंग सुटतो, याची पूर्वसूचना मला कोणीही दिली नाही. मानेपासून कंबरेपर्यंत माझी पाठ हिरवी आहे. उशीचा अभ्रा हिरवा, चादर हिरवी, आणि बैठकीतल्या चांगल्या खुर्चीवर बसण्यास व्हर्निटाने मनाई केली आहे. रविवारी पांढरा सदरा घालून चर्चला जायचे आहे. व्हर्निटा म्हणते सोड्याने जाईल. मिस एनिड म्हणतात लिंबाने. रूबेन म्हणतो रॉकेल लाव. तिघांपैकी कोणीही स्वतःवर प्रयोग केलेला नाही. शिवाय पाठीच्या मध्यभागी माझा हात पोहोचत नाही, आणि लांब दांड्याचा ब्रश रूबेनने होडीचा तळ घासायला नेला आहे. दोनदा माणूस पाठवला. "देतो," म्हणतो.